वाघळीच्या कड्यावरचा रविवार

देवमन सोनोने वीजखात्यात लागल्यापासून जमिनीवर कमी आणि खांबावरच जास्त दिसतो, असं त्याची आई विमलबाई म्हणायची. त्यात तक्रार थोडी आणि कौतुक जास्त असायचं. देवमन इंझोरीच्या बौद्ध वस्तीतला. बाप ग्यानबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यानं सांगून टाकलं की पोरगं आता ढोरांमागे जाणार नाही. देवमन वाशीमला वसतिगृहात राहिला, मॅट्रिकला इंग्रजीत आपटला, आणि दोन वर्षांनी लाइनमन झाला. गावोगाव खांब पोचत होते ते दिवस. इंझोरीच्या वस्तीत तार आली तेव्हा विहारासमोरच्या खांबावर तोच चढला होता. खाली बायामाणसं माना वर करून उभी होती. दिवा लागला तसे सगळे दिव्याकडे पाहू लागले. विमलबाई मात्र खांबाला बिलगलेल्या आपल्या लेकाकडेच पाहत राहिली.

बारा वर्षं तो असा चढत-उतरत राहिला. वाशीमला खोली केली, चंपाबाईशी लग्न झालं, दोन लेकी झाल्या. आणि मग शहात्तरच्या जेठात, वादळानं तारा तुटल्या म्हणून एका शेतातल्या खांबावर चढला असताना तो पडला.

चूक त्याचीच होती. कमरेच्या पट्ट्याचा आकडा कडीत नीट बसला नव्हता, आणि त्यानं हातानं ओढून पाहिला नव्हता. पंधरा फुटांवरून तो नांगरलेल्या भुसभुशीत मातीत पाठीवर आला. हाड मोडलं नाही. बरोबर कोणी नव्हतं. तो बराच वेळ आभाळाकडे पाहत पडून राहिला, मग उठला, कपडे झटकले आणि सायकलवर टांग टाकून घरी आला. चंपाबाईला सांगितलं, सायकलवरून पडलो. साहेबाला तर काहीच सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा खांबावर चढायची वेळ आली, तेव्हा डोक्याएवढ्या उंचीवर गेल्यावर त्याचे गुडघे हलायला लागले. शिंप्याच्या मशीनचं पायडल हलावं तसे, त्याला न विचारता. त्यानं खांबाला मिठी मारली, डोळे मिटले, आणि कसाबसा खाली आला. त्या दिवशी बरोबर हेमसिंग होता. देवमन त्याला म्हणाला की पाठीत चमक भरली. तेव्हापासून आठ महिने देवमनच्या पाठीतली चमक गेली नाही. वर हेमसिंग चढायचा. देवमन खाली उभा राहून सामान द्यायचा, फ्यूज पाहायचा, कागद भरायचा. हेमसिंग चढायचा खरा, पण हळूहळू त्याचं बोलणं कमी होत गेलं. देवमनला ते कळत होतं आणि त्यावर बोलायची हिंमत होत नव्हती.

हेमसिंग काही नुसता नोकरीतला सोबती नव्हता. वसतिगृहाच्या एका खोलीत चौघं राहायचे: इंझोरीचा देवमन, तांड्यावरून आलेला हेमसिंग, शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा उकंडराव, आणि जगदेव. उकंडराव पुढे घरच्या शेतीत गेला आणि अंगानं चांगलाच सुटला. जगदेव मास्तर झाला. वाटा वेगळ्या झाल्या तरी वर्षातून एकदा शनिवार-रविवार कुठेतरी एकत्र काढायचा हा नेम त्यांनी सोडला नव्हता. एरवी उकंडरावाच्या मळ्यात हुरडा व्हायचा, पत्ते व्हायचे आणि संपायचं. त्या वर्षी जगदेवनं वेगळंच काढलं.

जगदेव शाळेतल्या एनसीसीचं काम पाहायचा. दिवाळीच्या सुट्टीत तो पंधरा दिवस डोंगर चढण्याचं शिक्षण घेऊन आला होता. येताना कोणाकडून तरी जुना नायलॉनचा दोर घेऊन आला, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. उकंडरावाच्या गावापासून दीडेक कोसावर एक काळा कडा होता. त्याच्या कपारीत वाघळं लटकायची म्हणून त्याला वाघळीचा कडा म्हणत. जगदेवनं पोस्टकार्डं टाकली: शनिवारी शाळा सकाळची आहे, दुपारच्या गाडीनं निघू, रात्री कड्याखाली मुक्काम, रविवारी कडा चढू. देवमनच्या कार्डावर त्यानं खाली एक ओळ जास्त लिहिली होती, की खांबावरचा माणूस आपल्यासोबत आहे म्हणजे आपल्याला चिंता नाही.

देवमननं ते कार्ड तीनदा वाचलं. जायचं नाही असं ठरवून तो दोन दिवस कारण शोधत राहिला. पण कारण सांगायचं म्हणजे आणखी एक खोटं बोलायचं, आणि आठ महिन्यांत त्याला खोट्याचाही कंटाळा आला होता. शनिवारी दुपारी तो घोंगडी काखेत मारून मोटारीत बसला.

शिरपूरला तिघं उतरले तेव्हा उकंडराव बैलगाडी घेऊन उभाच होता. गाडीत ताडपत्री, पाण्याची दोन पिंपं, कणिक, डाळ, वांगी, शेणाच्या गोवऱ्या, एवढा पसारा, की जगदेव म्हणाला, आपण कडा चढायला चाललो का लग्नाला. दिवस माघाचे होते. तुरी निघून गेल्या होत्या, ज्वारी उभी होती. वाटेभर जगदेव गाठी कशा मारायच्या ते हातातल्या दोरावर दाखवत होता. देवमनला गाठी त्याच्याहून चांगल्या येत होत्या, पण तो ज्वारीकडे पाहत बसला.

गाडीतून उतरून सगळ्यांनी कडा खालून वर पाहिला. पन्नासेक फूट सरळ उभा, खाली मोठमोठ्या शिळा पडलेल्या. मागच्या अंगानं गुराख्यांची सोपी वाट वर जात होती. उकंडरावानं साधेपणानं विचारलं, की मागून वाट असताना पुढून कायले चढायचं. जगदेवला ते लागलं. मग चुलीची जागा कुठे, ताडपत्री कशी बांधायची, यावर बोलणं गेलं. रात्री गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी अशी जेवणं झाली. हेमसिंगनं जेवताना देवमनला वाढलं, पण त्याच्याशी तो बोलला नाही. देवमन लवकर घोंगडीत शिरला आणि झोप लागल्याचं सोंग घेऊन पडला. उद्या काय सांगायचं? पाठ? पोट? पोट बरं. रोडग्यावर ढकलता येईल.

सकाळी चहा झाल्यावर जगदेवनं बेत सांगितला. हेमसिंगनं मागच्या वाटेनं माथ्यावर जायचं. तिथे कड्याच्या काठाशी धावड्याचं दणकट झाड होतं. त्याला वेढा घालून दोर धरायचा आणि दुसरं टोक खाली सोडायचं. चढणाऱ्यानं ते टोक कमरेला बांधायचं. तो जसा वर येईल तसा हेमसिंगनं दोर ओढून घ्यायचा, म्हणजे पाय सुटला तरी माणूस दोरावर राहील. आधी जगदेव स्वतः चढून दाखवणार, मग देवमन. उकंडरावानं आपण स्वयंपाक करणार असं कालच जाहीर केलं होतं.

देवमन दोराचं टोक जगदेवच्या कमरेला बांधू लागला. गाठ त्यानं दोनदा ओढून पाहिली, मग तिसऱ्यांदा पाहिली. जगदेव हसला. म्हणाला, "पुरे बे, सासरी धाडून राह्यला काय मले?"

जगदेव चांगला चढत होता. एक उभी भेग वरपर्यंत गेलेली होती, तिच्यात हात घालत, पाय रोवत तो पंचवीस-तीस फूट गेला. देवमन खालून पाहत होता. तो चढणं पाहत नव्हता. तो आपली पाळी जवळ येताना पाहत होता.

तिथे जगदेवला काय वाटलं कोण जाणे. तो भेग सोडून डाव्या अंगाला सरकला. तिकडे एक अरुंद पट्टी आडवी गेली होती. चार-पाच पावलं तो सरकला असेल, आणि हाताखालचा दगड निघाला. दगड खाली आला, आपटून फुटला. जगदेव घसरला, हातभर खाली गेला, आणि पायाखाली वीतभर रुंदीची कपार लागली तिच्यावर अडकला. दोर ताणला गेला आणि वरच्या एका दगडी नाकाडामागे जाऊन बसला.

हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना देवमनच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता मला चढावं लागणार नाही. पुढे आयुष्यभर तो हे लपवत नसे. विचारलं तर सांगायचा. तो विचार आला, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो धावतच कड्याच्या पायथ्याशी गेला.

वरून हेमसिंगची हाक आली, की दोर हलत नाही, ना वर येत ना खाली जात. त्याला वरून जगदेव दिसत नव्हता. उकंडराव कणकेच्या हातांनी धावत आला. त्यानं जगदेवला हाका मारल्या, पण जगदेवनं उत्तर दिलं नाही. गाल दगडाला टेकवून, दोन्ही हात पसरून तो कपारीवर चिकटून उभा होता. उकंडराव म्हणाला की मी गावात जाऊन माणसं आणतो. पण गाव दीड कोस. जायला आणि यायला मिळून दोन-अडीच तास. आणि गावातून माणसं येऊन करणार काय होती?

देवमननं वर नीट पाहिलं. जगदेवच्या पँटचे पाय हलत होते. वाऱ्यानं नाही, वारा नव्हताच. त्याचे गुडघे हलत होते, आणि ते हलणं देवमनला ओळखीचं होतं. जगदेवला फारसं लागलेलं नव्हतं, दोरही तुटलेला नव्हता. पाच पावलं उजवीकडे सरकून तो भेगेशी आला असता तर दोर आपोआप नाकाडावरून सुटला असता. पण ती पाच पावलं त्याला आता कोणीही सांगितली असती तरी टाकता येणार नव्हती. हे देवमनला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या मुलखात दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल.

पायथ्याशी एक मोठी तिरपी शिळा होती, दोन पुरुष उंचीची. तिच्यावरून जगदेवच्या पायांजवळचे खाचखळगे दिसले असते. देवमन तिच्यावर चढला. उभ्यानं नाही, बसत, सरकत, हातांनी अंग ओढत चढला. वर पोचेपर्यंत त्याचेही गुडघे सुरू झाले होते. तो तिथे मांडी घालून बसला.

"जगदेव," तो म्हणाला, "मी देवमन बोलून राह्यलो. खाली पाहू नको. मायं फक्त ऐक."

जगदेव हलला नाही.

"तुये पाय कापून राह्यले, दिसून राह्यलं मले. मायेबी कापतात. जेठात मी खांबावरून पडलो. सायकलवरून नाई, खांबावरून. तवापासून मी चढलोच नाई. पाठीत चमक नाई का काई नाई. भेव वाटते मले. आठ महिने झाले, मी खोटं बोलून राह्यलो."

कणकेचे हात तसेच धरून उकंडराव खाली उभा होता. वर माथ्यावर, दोर धरून बसलेल्या हेमसिंगला शब्दन् शब्द ऐकू जात होता, कारण कड्यावर आदळून आवाज वर चढत होता. देवमनला ते ठाऊक होतं. तो थांबला नाही.

"हे कापणं थांबवाचं नाई. थांबवाले गेलं का वाढते. कापू दे त्याइले. कापता कापताबी पाय ठेवता येते. मी तसाच उतरलो होतो."

देवमन वर पाहत राहिला. मग वरून जगदेवचा आवाज आला, पाचवीतल्या मुलासारखा बारीक.

"मले हात सोडता येत नाई बे."

"नको सोडू. आधी श्वास सोड. तोंडानं, जोरात. अजून एकदा. आता उजव्या पायाजवळ, वीतभर अंतरावर, एक खाच हाये. मले इथून चांगली दिसते. पाय उचलू नको. घासत ने."

पाय सरकायला किती वेळ लागला ते कोणी मोजलं नाही. उन्हाची कड हळूहळू कड्यावरून खाली येत होती. देवमन बोलत राहिला. कधी खाच कुठे आहे ते सांगायचा, कधी उगीच काहीतरी, वसतिगृहातल्या पातळ वरणाचं, खडूस वॉर्डनचं. मध्ये एकदा जगदेव थांबला आणि आता होत नाही म्हणाला. देवमन म्हणाला, मंग थांब, घाई कोणाले हाये, उकंडरावाचे रोडगे अजून भाजाचेच हायेत. जगदेवच्या खांद्यांतून हसण्यासारखं काहीतरी गेलं. त्यानंतर त्यानं सलग दोन पावलं टाकली.

भेगेत त्याचा हात गेला तसा दोर सुटून सैल झाला. वरून हेमसिंगनं लगेच तो ओढून ताठ केला. "हेमसिंग," देवमन ओरडला, "आता हळूहळू सोड." आणि हेमसिंगनं बारा वर्षांत शेकडो खांबांवरून सामान सोडलं होतं त्याच हातानं जगदेवला खाली सोडलं. जगदेवचे पाय मातीला लागले तसा तो बसलाच. कोपर सोलून निघालं होतं, बाकी अंगावर ओरखडा नव्हता. उकंडरावानं त्याला मिठी मारली, आणि जगदेवचा सदरा पाठीवर पांढरा होऊन गेला.

देवमन अजून शिळेवरच होता. त्याला खाली उतरता येईना. उकंडरावानं खालून हात दिला तेव्हा तो बसत बसत उतरला, आणि उतरल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की तो तिथेच मातीत उताणा पडला.

हेमसिंग मागच्या वाटेनं पळत खाली आला. दोर धरून त्याचे तळहात लाल झाले होते. जगदेवला त्यानं वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिलं, मग देवमनच्या शेजारी येऊन बसला. काही वेळ तो गोटे उचलून फेकत राहिला.

"आठ महिने," तो म्हणाला. "मले वाटलं, तू जुना झाला, आता मले गडी समजून राह्यला. म्हणून बोलणं तोडलं. मले काहून नाई सांगितलं?"

देवमन म्हणाला की लाज वाटली.

"तू पडला त्याची लाज नाई, अन् मी मनात काय काय धरलं त्याची मले वाटून राह्यली," हेमसिंग म्हणाला आणि उठून पिंपातलं पाणी घेऊन आला. आधी देवमनला दिलं, उरलेलं स्वतः प्याला.

त्या दुपारी विस्तवात टाकलेले रोडगे करपले, कारण उकंडराव जगदेवपाशीच बसून राहिला आणि गोवऱ्यांकडे पाहायला कोणीच नव्हतं. करपलेला भाग खरवडून चौघांनी ते खाल्ले. जगदेव तुकडा हातात धरून बसला होता. मध्येच स्वतःच म्हणाला, की शिक्षण देणाऱ्यांनी सगळं शिकवलं होतं, भेग सोडून भलतीकडे जायचं नाही हेसुद्धा शिकवलं होतं. कोणी त्याला टोचून बोललं नाही. जेवणानंतर ते ताडपत्रीच्या सावलीत झोपले, आणि देवमनला अशी गाढ झोप लागली की बैल जुंपून झाले तरी तो उठेना.

घरी पोचल्यावर दिवेलागणीला त्यानं चंपाबाईला सगळं सांगितलं, खांबापासून कड्यापर्यंत. तिनं हातातली पिठाची परात खाली ठेवली आणि ऐकून घेतलं. ती रागावली नाही. पडला तेव्हा कुठे लागलं होतं ते तिनं विचारलं, आणि त्यानं दाखवलेल्या जागेवर, आठ महिन्यांनी, हात फिरवून पाहिला. मग म्हणाली की उद्या साहेबाकडे जा आणि हेच सांग. नोकरी गेली तर इंझोरी कुठं पळून गेली नाही.

सोमवारी तो साहेबासमोर उभा राहिला. साहेब नवा आणि बोलायला तिखट होता. त्यानं सगळं ऐकलं आणि पहिलं हे विचारलं, की पडल्याची नोंद का केली नाही. त्याबद्दल देवमनला लेखी समज मिळाली. पण मग साहेब म्हणाला, की खांबावर कापणारा माणूस माझ्या हाताखाली आहे हे मला आधी कळलेलं बरं, तू वरून पडल्यावर कळलं असतं तर तुझ्या बायकोला कळवावं लागलं असतं. गावाबाहेरच्या उपकेंद्रात रात्रंदिवस माणूस लागायचा, तारांचे भार पाहायला, वहीत आकडे लिहायला, बिघाड झाला की लाइन बंद-चालू करायला. महिनाभरात देवमनची तिकडे बदली झाली.

हेमसिंग खांबावर राहिला. तो कामाला वर चढण्याआधी उपकेंद्रात यायचा, देवमन लाइन बंद करायचा, आणि हेमसिंग उतरून स्वतः येऊन सांगेपर्यंत त्या खटक्याजवळून हलायचा नाही, कोणी साहेब आला तरी नाही. जगदेवनं दोर एनसीसीच्या खोलीत ठेवून दिला आणि पुढच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन तो पुन्हा कड्यांवर जाऊ लागला. जाण्याआधी तो मुलांना एक प्रश्न विचारायचा, तुमच्यापैकी भेव कोणाकोणाला वाटतं, आणि पहिला हात स्वतःचा वर करायचा.

देवमन पुन्हा खांबावर चढला नाही. कोणी विचारलं तर सरळ सांगायचा, की मले भेव वाटते. उपकेंद्रातल्या पहिल्या दिवशी दुपारी चंपाबाई धाकटीला कडेवर घेऊन डबा घेऊन आली होती. आत यायची मनाई होती म्हणून दोघं कुंपणाबाहेर बाभळीखाली बसली. भाकर अजून गरम होती. देवमननं चप्पल काढली, पाय लांब सोडले आणि पोटभर जेवला.